पदवी गाण्याची, नोकरी स्नेहसंमेलनाची

संगीत विषय घेऊन विद्यापीठाची पदवी संपादन करणाऱ्यांपैकी मैफलीचे गवई किती होतात, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. उत्तर सर्वांना ठाऊक असते. बाकीच्यांची दृष्टी शाळेकडे लागलेली असते. शाळेत संगीतशिक्षक व्हावे, चार मुलांना सुरात आणावे, ही आकांक्षा कमी प्रतीची मुळीच नव्हे. परंतु तिच्या पूर्ततेसाठी विद्यापीठ जे शिकविते आणि शाळा जे मागते, त्यांचा मेळ अद्याप बसलेला नाही.

वास्तविक या कार्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले, तेव्हा दरबार आणि घराणी यांच्या कुंपणातले गाणे सामान्य गृहस्थाच्या मुलाबाळांपर्यंत न्यावे, हाच हेतू होता. विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तकमालिके’त बंदिशी स्वरलिपीत बांधल्या आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणारी वाट आखून दिली. गाणे वर्गात, फळ्यावर, समूहाला शिकविता येते, हे या दोघांनी कृतीने सिद्ध केले.

आजच्या पदवीधराची तयारी मात्र प्रायः मैफलीच्या दृष्टीने होते. राग, ताल, आलाप, ताना आणि संगीताचा इतिहास यांत तो उत्तीर्ण होतो. ही विद्या आवश्यकच आहे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? पण गुरू शिष्य निवडून घेतो, शाळेतील शिक्षकाला निवडीची मुभा नसते. त्याच्यापुढे साठ मुले बसतात. त्यांत चार सुरेल, चाळीस लाजाळू आणि बाकीची खोडकर. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटू लागला की त्याला गप्प बसवावे की खालच्या पट्टीत गाऊ द्यावे? बेसूर मुलाचा कान कसा घडवावा? पस्तीस मिनिटांच्या तासात एकाच पेटीवर सगळा वर्ग कसा गुंतवावा? या प्रश्नांची उत्तरे ख्यालगायनाच्या परीक्षेत मिळत नाहीत. बी.एड.कडे वळावे, तर तेथे बहुधा भाषा, गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल यांच्याच अध्यापनपद्धतींना स्थान. संगीताचा पदवीधर दोन्ही दारांच्या मध्ये उभा राहतो.

दुसरी अडचण याहून कठीण आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, विद्यार्थिसंख्या १०० पेक्षा अधिक असेल तर, कलाशिक्षणाला ‘अंशकालीन’ निदेशकाची तरतूद आहे. विषय आवश्यक, पण शिक्षक अर्धवेळ! पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांमधील भिंत पाडण्याची घोषणा केली. भिंत कागदावर पडली. वेळापत्रकात ती जागच्या जागी आहे. परीक्षा जवळ आली की संगीताचा तास गणिताला जातो, आणि संगीतशिक्षकाची आठवण होते ती स्वातंत्र्यदिनाच्या आणि स्नेहसंमेलनाच्या आधी पंधरा दिवस.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की पदवीने गाणे येत नाही. मग पदवीचा आग्रह कशाला? आक्षेपात तथ्य आहे. सनद कपाटात आणि सूर गळ्यात, ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची सात वर्षांची तपश्चर्या केलेले अनेक जण पदवीवाल्यांपेक्षा सरस असतात, हेही मान्य करावे. पण यावरून पदवी निरर्थक ठरत नाही. ती अपुरी ठरते. अपुऱ्या गोष्टीला पूर्ण करावयाचे असते, मोडीत काढावयाचे नसते.

त्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. संगीताच्या पदवीत शालेय अध्यापनाची एक स्वतंत्र अभ्यासपत्रिका असावी आणि निदान एक सत्र विद्यार्थ्याने प्रत्यक्ष शाळेत शिकवावे. मुलांच्या आवाजाची जोपासना, समूहगायन आणि स्वतःच्या गळ्याची निगा हे विषय तीत यावेत. रागसंगीताबरोबर ओवी, भारूड, पोवाडा, अभंग यांचीही ओळख असावी. खेड्यातील मूल तेथूनच सहज सुरात येते. विशारदांना अध्यापनाचा अल्पकालीन अभ्यासक्रम पूर्ण करून याच वाटेने येता यावे. लहान शाळांना स्वतंत्र शिक्षक परवडत नसेल, तर केंद्रातील तीन-चार शाळांना मिळून एक द्यावा. मात्र तो पूर्ण वेळेचा आणि पूर्ण वेतनाचा असावा.

शासनाने पदे निर्माण केल्याखेरीज विद्यापीठाने अभ्यासक्रम बदलून उपयोग नाही, आणि योग्य शिक्षक घडल्याखेरीज पदांनाही अर्थ नाही. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवीत राहण्याचा काळ आता पुरे झाला. कारण मधल्या मध्ये नुकसान होते ते त्या तरुणाचे, जो तीन-चार वर्षे घालवून, घरच्यांचा विरोध पत्करून गाणे शिकतो आणि अखेर तासिकेच्या मानधनावर दिवस काढतो. आणि त्याहून अधिक त्या मुलाचे, ज्याला शाळेने सूर दिला नाही तर तो दुसरे कोणी देणार नाही. सधन घरातील मुलाला शिकवणी मिळते. इतरांना केवळ शाळा असते.