टेम्सकाठच्या पदपथाखाली

लंडनमध्ये टेम्स नदीच्या उत्तर काठाने वेस्टमिन्स्टरपासून ब्लॅकफ्रायर्सपर्यंत जाणारा रुंद रस्ता आणि पदपथ व्हिक्टोरिया एम्बँकमेंट या नावाने ओळखला जातो. साम्राज्याच्या राजधानीला शोभेल अशी नदीकाठची फिरण्याची जागा असावी म्हणून तो बांधला गेला, आणि क्लिओपात्राची सुई, मासे वेटाळलेले दिव्यांचे खांब व कडेची उद्याने हीच त्याची खरी ओळख होय, असा समज रूढ आहे. हा समज परिणामालाच हेतू मानतो, म्हणून तो टिकणारा नाही.

या पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट आधार असा की, नदीकाठी प्रशस्त धक्का असावा ही कल्पना १६६६ च्या आगीनंतर शहराचा नवा आराखडा करणाऱ्या ख्रिस्तोफर रेन यांच्याइतकी जुनी आहे. हे खरे आहे. परंतु ती कल्पना दोनशे वर्षे कागदावरच राहिली, आणि शोभेची इच्छा एकटीच पुरेशी असती तर तसे झाले नसते. धक्का प्रत्यक्षात उभा राहिला तो दुर्गंधीमुळे. टेम्स ही भरती-ओहोटीची नदी असल्यामुळे तिच्यात सोडलेला मैला समुद्राकडे सरळ वाहून न जाता भरतीबरोबर पुन्हा शहरात शिरे. १८५८ च्या उन्हाळ्यात ही दुर्गंधी इतकी वाढली की पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याचे क्लोराइड लावावे लागले, आणि त्याच ऑगस्टमध्ये नदीशुद्धीचा कायदा मंजूर झाला.

अभियंता जोसेफ बॅझलगेट यांनी जी योजना राबवली तिचा गाभा म्हणजे इंटरसेप्टर, अर्थात नदीकडे उतरणारे सांडपाणी वाटेतच अडवून शहराच्या पूर्वेकडे नेणारी आडवी मोठी वाहिनी. उत्तरेकडील सर्वांत सखल वाहिनी स्ट्रँडसारख्या गजबजलेल्या रस्त्याखालून न्यायची तर तो रस्ता खणावा लागला असता, म्हणून नदीच्या पात्रात भिंत बांधून, मागे भराव घालून, त्या भरावाच्या पोटात ती बसवण्यात आली आणि तिच्या जोडीला भुयारी रेल्वेही आली. १८७० मध्ये लोकांसाठी खुला झालेला पदपथ हे या सर्वांवरचे झाकण होते. हे झाकण सुंदर केले गेले, याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. सांडपाण्याच्या कामातून सामान्य माणसाला नदीकाठ मिळावा ही मोठीच गोष्ट आहे.

मग येथील खरी खूण कोणती? क्लिओपात्राची सुई हा इजिप्तमधून आणलेला प्राचीन पाषाणस्तंभ एम्बँकमेंट खुला झाल्यानंतर आठ वर्षांनी, १८७८ मध्ये, तेथे उभारला गेला. म्हणजे त्या कामाच्या हेतूविषयी तो काहीच सांगू शकत नाही. ते सांगते उद्यानातील यॉर्क वॉटरगेट, सतराव्या शतकातील एका वाड्याचे नदीत उतरण्याचे दगडी द्वार. एकेकाळी त्याच्या पायऱ्यांशी होड्या लागत. आज ते नदीपासून शंभराहून अधिक मीटर दूर हिरवळीत उभे आहे आणि पात्राचा किती भाग घेतला गेला याचे मोजमाप डोळ्यांसमोर ठेवते.

येथे दुसरा, अधिक गंभीर आक्षेप येतो: हे आरोग्याचे काम नव्हेच, घाण फक्त पुढे ढकलली गेली. बॅझलगेट यांच्या स्मारकावरील लॅटिन लेखही त्यांनी नदीला बेड्या घातल्या असेच अभिमानाने सांगतो. या आक्षेपात तथ्य आहे. सांडपाणी शहराच्या पूर्वेला प्रक्रियेविना नदीत सोडले जात होते, आणि १८७८ मध्ये ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही बोट त्याच भागात बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली तेव्हा ते पाणी किती दूषित होते हे उघड झाले. तरीही निष्कर्ष अतिरेकी आहे. १८६६ ची पटकीची साथ मुख्यतः पूर्व लंडनमध्ये, जेथे वाहिन्यांचे काम अपुरे होते तेथेच भडकली, आणि १८९२ मध्ये हँबुर्गमध्ये पटकीने हजारो बळी घेतले तेव्हा लंडनमध्ये साथ पसरली नाही. दुर्गंधीतूनच रोग होतो ही त्या काळची समजूत चुकीची होती. उपाय मात्र बरोबर ठरला.

शहर वाढत गेले तशा या वाहिन्या अपुऱ्या पडून पावसात नदीत ओसंडू लागल्या, म्हणून सुमारे २५ किलोमीटरचा नवा बोगदा खणून २०२५ मध्ये पूर्णपणे जोडण्यात आला. त्या कामात ब्लॅकफ्रायर्सजवळ पात्रात भर घालून लोकांना बसण्या-फिरण्यासाठी नवी जागा तयार झाली, आणि तिच्याही खाली सांडपाणी अडवण्याचीच व्यवस्था आहे.