पेवात पोती किती?

सांगलीलगत हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाकाठी, हळदीची पेवे आहेत. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहायची. २००५ आणि २०१९च्या महापुरांत त्यांतली बरीच निकामी झाली. तरी पेवाचा हिशेब साधा होता: काढू तितके कमी होणार. त्यामुळे घेणाऱ्याला हळदीच्या भावाइतकीच आतल्या पोत्यांची चौकशी करावी लागे.

सट्टा आणि वायदा सांगलीला नवे नाहीत. ‘एनसीडीईएक्स’ हा शेतमालाचा राष्ट्रीय वायदेबाजार २००३मध्ये सुरू झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून ‘स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज’ हा सांगलीचा स्वतःचा वायदेबाजार होता. आता सांगलीत काय आणि साताऱ्यात काय, तरुण गुंतवणूकदाराचा बाजार मोबाइलवर आला आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार प्रत्येकाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, त्यामुळे अमेरिकी शेअरही आवाक्यात आले. तिथे नजर जाते ती तेल आणि वायूच्या रॉयल्टी ट्रस्टवर. भाव थोडे डॉलर, वाटप दर महिन्याला किंवा तिमाहीला, परताव्याचा आकडा बँकेच्या ठेवीला लाजवणारा. चार्टवर पन्नास दिवसांची सरासरी दोनशे दिवसांच्या सरासरीला खालून वर छेदून गेली की ‘गोल्डन क्रॉस’ म्हणून खरेदी होते.

चार्ट वाचण्यात गैर काही नाही. सपोर्ट, रेझिस्टन्स, सरासऱ्या ही गर्दीच्या मनाची नोंद आहे आणि चालू, वाढत्या कंपनीच्या बाबतीत ती उपयोगीही पडते. पण रॉयल्टी ट्रस्ट ही कंपनी नव्हेच. त्याला कारखाना नाही, कामगार नाहीत. एखादी बँक विश्वस्त म्हणून ठरलेल्या विहिरींच्या उत्पन्नातला हिस्सा गोळा करते आणि युनिटधारकांना वाटते. असे बहुतेक ट्रस्ट नव्या विहिरी विकत घेऊ शकत नाहीत. म्हणजे हातात येणाऱ्या प्रत्येक वाटपात थोडी कमाई असते आणि थोडे मुद्दलही. व्याज म्हणून जे मोजले जाते, ते अंशतः पेवातून उपसलेले पोते असते.

आपल्याकडे असा प्रकार नाही, कारण तेलावरचे स्वामित्वधन सरकारी तिजोरीत जाते. आसाम, गुजरातच्या जमिनीवरील तेलाचे राज्याला मिळते. १९७४मध्ये सापडलेल्या मुंबई हायचे मात्र, ते समुद्रात असल्याने, केंद्राला. अमेरिकेत जमिनीखालचा हक्क खासगी मालकाचा असू शकतो, विकता येतो, आणि त्याचे तुकडे शेअर बाजारात नोंदवताही येतात.

त्या तुकड्यांचे काय होते, ते अलास्कात दिसले. ‘बीपी प्रुधो बे रॉयल्टी ट्रस्ट’ १९८९मध्ये स्थापन झाला आणि न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदला गेला. २०११मध्ये त्याचे युनिट शंभर डॉलरच्या वर होते. करारातच एक कलम होते: रॉयल्टी काढताना तेलाच्या भावातून वजा करायचा खर्च दर वर्षी वाढत जाणार. २०२०मध्ये तेल कोसळले, वाटप थांबले आणि भाव जमिनीवर आला. युक्रेन युद्धाने २०२२मध्ये तेल भडकले, तेव्हा तोच भाव कित्येक पटींनी उसळला. चार्टवर ही झकास तेजी होती. करारातला खर्च मात्र आपल्या गतीने वाढतच राहिला.

सगळे ट्रस्ट असेच बुडतात, असे नाही. पण धोका चार्टच्या बाहेरून येतो, हे पुन्हापुन्हा दिसते. ‘सान हुआन बेसिन’ या वायूच्या ट्रस्टचे वाटप २०२४मध्ये थांबले, कारण विहिरी चालवणाऱ्या कंपनीने नव्या खोदाईवर केलेला खर्च उत्पन्नापेक्षा जास्त झाला. तो आधी वळता व्हायचा होता. कोणत्याही सरासरीच्या रेषेत हा खर्च दिसला नसता. ट्रस्टच्या निवेदनांत तो लिहिलेला होता.

घाईच्या ट्रेडिंगची किंमत आपल्याकडेही मोजली गेली आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधील ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला, असे ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४मध्ये सांगितले. शेअर बाजाराच्या क्लासमध्ये चार्ट शिकवावा, जरूर शिकवावा. पण रॉयल्टी ट्रस्टचा चार्ट फळ्यावर काढणाऱ्याने आधी त्याचा वार्षिक अहवाल उघडून तीन गोष्टी वाचून दाखवाव्यात: साठा किती उरला, कोणता खर्च आधी वजा होतो आणि ट्रस्ट कोणत्या अटीवर गुंडाळला जातो.

प्रुधो बेच्या करारात ती शेवटची अटही स्पष्ट होती. लागोपाठ दोन वर्षे रॉयल्टी दहा लाख डॉलरखाली गेली, तर ट्रस्ट संपणार. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांची रॉयल्टी आलीच नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी ट्रस्ट संपुष्टात आला. प्रुधो बेच्या विहिरींतून तेल त्यानंतरही निघतच राहिले.