स्कूबाचं सोडा, आधी होडीचं बोला

सुट्ट्या लागल्या की मालवणात गाड्यांना उभं राहायला जागा नसते आणि माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतो : "स्कूबा सेफ आहे ना?" पुणे, कोल्हापूर, बेळगाव, सगळीकडून. शार्क असतात का, दम लागतो का, पोहता येत नाही तर चालेल का. आजपर्यंत एकाही माणसाने विचारलेलं नाही की, आम्हाला तिथवर नेणारी बोट कशी आहे?

किल्ल्याच्या मागे जो स्कूबा होतो त्यात तुम्ही जेमतेम दोन-तीन माणूस खोल जाता. एक प्रशिक्षित पोरगा पूर्ण वेळ तुमच्या सिलिंडरला धरून असतो. कान दुखला तर तो वर आणतो. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, आपल्या गावातली कितीतरी पोरं तिथून तयार झालीत आणि ती चांगली आहेत. धोका शून्य नाही, पण पाण्याखाली तुमच्यावर कुणाचं तरी लक्ष असतं. होडीत बसलेल्या वीस जणांवर कुणाचं असतं?

24 मे 2022 आठवा. तारकर्लीत बोट उलटली, दोन पर्यटक गेले. बोटीत वीसेक माणसं होती. त्यांचा स्कूबा करून झाला होता, ती परत येत होती. तेव्हा आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता. मग पाऊस लागला, सीझन संपला आणि विषयही संपला.

बाहेरही हेच चित्र आहे. कॅलिफोर्नियात 2019 साली 'कन्सेप्शन' नावाच्या डायव्हिंगच्या बोटीला रात्री नांगरावर असताना आग लागली, 34 माणसं गेली. रात्री जागा राहणारा पहारेकरी नेमलेला नव्हता. फुकेतला 2018 मध्ये 'फिनिक्स' वादळात बुडाली, 47 गेले. बंदरातून निघू नका असा हवामानाचा इशारा असताना ती बाहेर होती. आणि ऑस्ट्रेलियाचं 1998 चं प्रकरण तर डोकं फिरवणारं आहे. ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकन जोडपं पाण्याखाली असताना बोट त्यांना सोडून किनाऱ्याला आली. माणसं मोजण्यात चूक. दोन दिवसांनी बोटीत त्यांची बॅग सापडली तेव्हा कळलं की दोघं कमी आहेत. ते सापडलेच नाहीत. डोकी मोजायला काय लागतं? एक वही आणि एक पेन्सिल.

आता आपल्याकडचं. भरलेलं सिलिंडर 15 किलोच्या आसपास जातं. अशी दहा-बारा, शिसाचे पट्टे, चार पोरं, इंजिन, पेट्रोलचे कॅन, आणि वर पर्यटक. डॉल्फिन दिसला की सगळे एका बाजूला. सिलिंडर बांधलेली नसतील तर तीही त्याच बाजूला घरंगळतात. होडीला आपण किती हौशीने आलोय हे कळत नाही, तिला वजन कळतं. आणि समुद्र उथळ झाला की लाट उभी राहते हे कुठलाही रापणकर सांगेल. त्या पट्ट्यात होडी लाटेला आडवी लागली की संपलं. देवबागला संगमावर सुकतीचं पाणी बाहेर धावत असतं आणि समोरून लाट येत असते, तिथे तर भल्याभल्या तांडेलांची परीक्षा. किनारा शंभर हातांवर आला की लोक सुटकेचा श्वास सोडतात, जाकिटाचे पट्टे काढतात, पोराला मांडीवर उभं करतात. नेमकं तिथेच.

जाकिटाबद्दल बोलायलाच हवं. गेल्याच आठवड्यात दांडीवर एका आईने विचारलं, पोराच्या मापाचं जाकीट आहे का? उत्तर मिळालं, "काय एक होणा नाय, बसा." मोठ्या माणसाचं जाकीट पोराला घातलं की पाण्यात पोर खाली आणि जाकीट वर. दुसरी थाप म्हणजे, "वेटसूट तरंगतो, जाकीट कशाला?" तरंगतो, खरं आहे. पण बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवायचं काम तो करत नाही, जाकीट करतं. आणि सीटखाली कोंबून ठेवलेलं जाकीट अपघातात कुणाच्याही हाती लागत नाही. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली. प्रवासी बोटीवर शंभराहून अधिक माणसं होती, 15 जीव गेले. त्यानंतर गेटवेवर प्रत्येकाला जाकीट घालायला लावायला लागले. आधी माणसं मरायला लागतात आपल्याकडे.

"पर्यटनाची बदनामी करू नको" असे मेसेज आता येतील, मला माहीत आहे. त्यातले निम्मे माझे मित्रच असतील. बाबांनो, बदनामी पोस्टने होत नाही. 2022 च्या त्या मे महिन्यात एकही पोस्ट न लिहिता देशभराच्या टीव्हीवर आपलं नाव झळकलं होतं. "येवा, कोकण आपलाच आसा" म्हणतो ना? मग आलेला माणूस आपल्या घरचा धरा, त्याच्या पोराला जाकीट घाला.

बोटवाल्यालाच एकट्याला धोपटण्यात मला रस नाही. पॅकेज कोण विकतं? हायवेवरचा एजंट, लॉजचा काउंटर. स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड, जेवण, सगळं एका आकड्यात, आणि तो आकडा दरवर्षी खाली. त्यातून कमिशन गेलं की उरलेल्यात बोटवाल्याला एका फेरीत दहाऐवजी अठरा माणसं भरावीच लागतात. घासाघीस करून दोनशे रुपये कमी करणाऱ्या पर्यटकालाही सांगतो, ते दोनशे तुमच्या सुरक्षेतून कापले जातात, एजंटच्या खिशातून नाही.

नियम नाहीत असंही नाही. मासेमारीची नोंदणी वेगळी, प्रवासी वाहतुकीचा परवाना वेगळा, माणसांची संख्या ठरलेली. पण फाइलीतला आकडा वाळूवर उभ्या असलेल्या आईला दिसत नाही. तो बोटीच्या दोन्ही कुशींवर, हातभर उंचीच्या मराठी अक्षरांत रंगवा : प्रवासी इतके, खलाशी इतके. मग तपासायला कुठल्या साहेबाची वाट बघायला नको, चौथीतलं पोर मोजेल. निघताना आणि परतताना नावनिशी हजेरी, कागदावर. माणसं पाण्यात असताना इंजिन बंद, म्हणजे बंदच, न्यूट्रल नाही. पंखा फिरत असेल तर शिडीजवळचा पाय जायला एक क्षण पुरतो. बोटीवर ऑक्सिजन आणि चालू व्हीएचएफ. मोबाइलची रेंज किल्ल्यामागे कधी जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तटरक्षक दलाचा 1554 प्रत्येक बोटीवर लिहिलेला असावा.

आणि समुद्र कधी बंद हे ठरवणारा माणूस तो नको ज्याचं बुकिंग बुडणार आहे. मे अखेरीला वारा फिरतो, तारखेची वाट बघत नाही. "आणखी दोन दिवस मारून घेऊ" या दोन दिवसांची भीती सगळ्यांत जास्त.

येत्या ग्रामसभेत मी आकडा रंगवण्याचा ठराव मांडणार आहे. अनुमोदन द्यायला दोघं तयार आहेत, दोघंही बोटवाले. ज्यांनी आपल्या बोटीवर आधीच आकडा लिहिलाय त्यांनी खाली फोटो टाका. तुमच्या बोटीची जाहिरात मी फुकट करतो.