गाडीतली ओल आणि आपला श्वास
जुन्या मोटारीत बसताच कुबट वास येऊन खोकला सुरू होत असेल, तर पायाखालचे कार्पेट दाबून पाहावे. ओलीत वाढणारी बुरशी दमेकऱ्यांचा त्रास वाढवते.

पाऊस नसताना, एसी चालवल्यावर ओल आली तर बहुधा एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते. पावसानंतरच आली तर काचेचे वा दाराचे रबर तपासावे. एकाने विजेरी घेऊन आत बसावे. दुसऱ्याने बाहेरून, खालून वर सावकाश पाणी सोडावे.

ओल चिकट, गोडसर वासाची असल्यास ते विषारी कूलंट असू शकते. गाडी मेकॅनिककडे न्यावी.

गळती थांबल्यावर कार्पेटखालचा थरही वाळवावा. तरीही धाप लागत असल्यास डॉक्टरांना दाखवण्यास विलंब करू नये.