यंत्राला नवल वाटत नाही

मनुष्याने आजवर जी यंत्रे निर्माण केली, ती बहुतांशी हातापायांचे कष्ट हलके करण्याकरिता. मोटेच्या जागी पंप आला, जात्याच्या जागी पिठाची गिरणी आली आणि आपल्या आदिलाबादेत सरकी काढण्याकरिता जिनिंगचे कारखाने उभे राहिले. आता मात्र एक असे यंत्र आले आहे की, जे थेट कारकुनाच्या खुर्चीवर बसू पाहते. त्याला लोखंडाचा देह नाही, हातपाय नाहीत. संगणकाच्या पोटात राहणारी ती केवळ एक आज्ञावली आहे. व्यापारी जगात तिला ‘रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन’ असे लांबलचक नाव आहे. आपण सोयीकरिता तिला ‘यंत्रकारकून’ म्हणू.

हा यंत्रकारकून करतो तरी काय? एखाद्या पेढीत रोज शेकडो बिले येतात. कारकून बिल उघडतो, त्यावरील नाव, तारीख व रक्कम वाचतो, ती संगणकातील हिशेबात उतरवतो, मालाच्या मागणीपत्राशी ताडून पाहतो आणि पुढील बिलाकडे वळतो. हीच पावले यंत्रकारकुनाला एकदा क्रमवार शिकवून ठेवली म्हणजे तो ती रात्रंदिवस तंतोतंत गिरवत राहतो. जुनी हिशेबपद्धती मोडावी लागत नाही. माणूस जेथे कळ दाबतो, तेथेच तोही दाबतो. २००१ साली इंग्लंडात स्थापन झालेली ब्लू प्रिझम आणि २००५ साली रुमानियाच्या बुखारेस्ट नगरीत निघालेली यूआयपाथ यांसारख्या कंपन्यांनी ही विद्या जगभर नेली. आज बँका, विमा कंपन्या आणि मोठमोठ्या व्यापारी संस्था तिचा उपयोग करीत आहेत.

‘रोबोट’ हा शब्द जगाला मिळाला तो कारेल चापेक या झेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून. त्याच्या भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. हा अर्थ तेलंगणातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. निजामी अमलात जहागीरदारांच्या व देशमुखांच्या दारी मोबदल्यावाचून राबणे कित्येक पिढ्यांच्या वाट्याला आले होते. तेव्हा मनुष्याच्या बुद्धीला गंज चढविणारी वेठ जर यंत्र उचलणार असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

आपल्या जिल्ह्याचे पांढरे सोने जो कापूस, त्याचाच व्यवहार पाहा. भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याने ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर नोंदणी करून आपला दिवस व वेळ ठरवून घ्यावी, अशी पद्धत २०२५ च्या हंगामात सुरू झाली. शेतकऱ्याचे नाव, जमिनीची नोंद, आधार क्रमांक, बँकेचे खाते, मालाचे वजन आणि ओलावा या साऱ्यांचा मेळ बसल्यावाचून पैसा हाती पडत नाही. हंगामात असे हजारो मेळ घालायचे असतात. हे काम चुकीवाचून व वेगाने करणारे साधन लाभले आणि शेतकऱ्याचा पैसा चार दिवस आधी जमा झाला, तर त्यात कोणाचे नुकसान आहे?

कोणी म्हणेल, मग आमच्या मुलांच्या नोकऱ्यांचे काय? ही चिंता खोटी नाही. केवळ पाहून उतरविण्याचे काम करणाऱ्याची जागा यंत्र घेणारच. परंतु माझ्या मते याहूनही गंभीर असा एक प्रश्न आहे आणि त्याचा अनुभव आपल्या भागाने घेतलेला आहे.

१८ एप्रिल २०१९ रोजी तेलंगणातील इंटरमीजिएट परीक्षेचा निकाल लागला. नऊ लक्षांहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण संगणकाने जुळवले होते. जन्नारम हे गाव २०१६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. आज ते मंचेरियाल जिल्ह्यात आहे. तेथील एका हुशार विद्यार्थिनीला तेलुगू विषयात शून्य गुण मिळाल्याचे जाहीर झाले. उत्तरपत्रिका पुन्हा पाहिली, तेव्हा तिचे खरे गुण ९९ निघाले! परीक्षकाने गुणांच्या कागदावर ९९ ऐवजी शून्याची वर्तुळे रंगवली, पडताळणी करणाऱ्याच्या नजरेतून ती चूक निसटली आणि यंत्राने तो आकडा इमानेइतबारे उचलला. त्या निकालानंतरच्या दिवसांत राज्यातील कित्येक विद्यार्थ्यांचे प्राण गेले आणि अनेक घरांवर शोककळा पसरली. पुढे सर्व अनुत्तीर्णांच्या उत्तरपत्रिका विनाशुल्क फेरतपासण्यात आल्या आणि ११०० हून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण ठरले. तीन लक्षांहून अधिक अनुत्तीर्णांत ही संख्या अल्प आहे, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरी चूक येते, त्या घरी ती शंभर टक्केच असते.

त्या विद्यार्थिनीच्या बाबतीत यंत्राने आज्ञा मोडली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याला शून्य दिसले, त्याने शून्य लिहिले. इतर विषयांत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलीच्या नावापुढे शून्य पाहून एखादा जुना कारकून क्षणभर थबकला असता, चष्मा सारखा करून म्हणाला असता, “हे कसे?” तो एक क्षण यंत्रापाशी नसतो. यंत्राला नवल वाटत नाही. आणि दुःखाची गोष्ट अशी की, यंत्राच्या वेगाने ज्याला राबवले जाते, त्या माणसाचेही नवल हळूहळू मरते. पडताळणीच्या खुर्चीवर माणूस होता; पण त्याला थबकण्यास सवड होती काय?

आपण तर सीमेवरची माणसे. आपल्याकडे यंत्र बुचकळ्यात पडावे अशा गोष्टींना तोटा नाही. ज्ञानेश्वर हे नाव महाराष्ट्रात इंग्रजीत लिहिताना ‘डी’ने सुरू होते, तर येथे तेलुगू उच्चारानुसार ‘जी’ने. पैनगंगेपलीकडे आडनाव शेवटी येते, अलीकडे बहुधा आरंभी. केरामेरी मंडळातील परंडोळी, मुकदमगुडा यांसारख्या गावांवर दोन राज्ये हक्क सांगत आली आहेत. तेथील मराठी कुटुंबांपाशी दोन्हींकडचे कागद आढळतात. शेजाऱ्याला यात काहीच गूढ वाटत नाही. यंत्राला मात्र एकाच घरी दोन माणसे दिसतात, अथवा दोन माणसांचा एक माणूस होतो. आपल्या राज्यात संगणकीय छाननीवरून सुमारे १९ लक्ष शिधापत्रिका रद्द झाल्या होत्या. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांची प्रत्यक्ष घरोघर जाऊन फेरपडताळणी करण्याचा आदेश द्यावा लागला. कागद पाहून धान्य बंद करता येते. चूल पेटते की नाही, हे दारात गेल्यावाचून कळत नाही.

म्हणून माझे मत असे की, यंत्रकारकुनाला कामावर अवश्य घ्यावे, पण तीन अटींवर. पहिली अट, जेथे नोंद नेहमीपेक्षा फार निराळी दिसेल, तेथे त्याने पुढे न जाता ते प्रकरण माणसापुढे ठेवावे. तशी आज्ञा त्याला देता येते आणि जाणकार देतातही. दुसरी अट, त्या माणसाला थांबण्याची सवड असावी आणि निर्णय फिरविण्याचा अधिकारही असावा. तिसरी अट, ज्याचे नुकसान झाले, त्याला दाद मागण्याकरिता एक नाव आणि एक दार ठाऊक असावे. “संगणकात असेच आले आहे,” हे वाक्य कोणत्याही कचेरीत उत्तर म्हणून चालता कामा नये. चूक यंत्राच्या मुखातून बाहेर पडली, तरी तिची जबाबदारी माणसाचीच राहते.

विद्यार्थिमित्रहो, यातून तुम्ही घ्यावयाचा बोध उघड आहे. जो केवळ फळ्यावरचे वहीत आणि वहीतले उत्तरपत्रिकेत उतरवतो, त्याची स्पर्धा उद्या अशा यंत्राशी आहे, जे थकत नाही आणि वेतन मागत नाही. त्या शर्यतीत उतरू नका. काळ-काम-वेगाचे उदाहरण सोडविताना उत्तर ‘साडेतीन मजूर’ असे आले, तर तुम्ही हसता, मागे वळता आणि चूक शोधता. कोठे शंका घ्यावी आणि कोठे थांबावे, हे ज्याला कळते, त्याच्या हाताखाली यंत्रे खुशाल राबोत. त्या साडेतीन मजुरांवर तुम्हांला येणारे हसू जपून ठेवा. पुढे कचेरीत, पेढीत वा बाजारसमितीत तुम्ही बसाल, तेव्हा दारी आलेल्या एखाद्या शेतकऱ्याला किंवा विद्यार्थ्याला त्याचाच आधार वाटेल.