पाठीवरचा 'खो'

खो-खोत पाठीवर थाप पडून 'खो' आला, की बसलेल्यानं उठून पळायचं. धाराशिवच्या सारिका काळेला असाच एक 'खो' मैदानाबाहेर मिळाला.

घरी गरिबी. आई शिवणकाम करायची. जवळजवळ दहा वर्षं सारिकाताईला दिवसातून एकच वेळ जेवण मिळे. २०१६ साली तिच्या नेतृत्वाखाली भारतानं गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. पण त्याच वर्षी घरच्या ओढगस्तीनं खचून ती म्हणाली, खेळ सोडते! प्रशिक्षक चंद्रजित जाधव सरांनी समजूत घातली आणि ती मैदानावर परतली. पुढे तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाली. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

तुमच्या वर्गात कुणी हिरमुसून बसलंय? मग द्या की त्याला 'खो'!