कपाळामागची कारभारीण



गौरीजेवणाच्या दिवशी आपण नेमकं काय काय करतो, हे कधी मोजून पाहिलंय? एका शेगडीवर पुरणाची डाळ, दुसरीवर भाजी. डाळीचं पाणी कटाच्या आमटीसाठी आठवणीने बाजूला काढायचं. अळूवड्या उकडताहेत तोवर चटणी वाटून घ्यायची. नैवेद्याआधी धाकट्याने पुरणात बोट घालू नये म्हणून तिकडे एक डोळा. एवढ्यात बाहेरून निरोप येतो, 'पाच माणसं जास्त आहेत बरं का!' आपण पदर खोचतो, दोन वाट्या तांदूळ आणखी धुतो, आणि साडेबाराला पानं वाढलेली असतात. वर कुणी कौतुक केलं तर आपणच म्हणतो, 'त्यात काय, नुसता स्वयंपाक!'

आज या 'नुसत्या स्वयंपाका'विषयीच बोलायचंय.

आपल्या कपाळाच्या हाडामागे मेंदूचा जो अगदी पुढचा भाग असतो, त्याला डॉक्टर प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. नाव अवघड असलं तरी काम आपल्या ओळखीचं आहे. ती मेंदूच्या घरातली कारभारीण! पोळी लाटण्याची हाताची सवय तिच्याकडे नसते. ती मेंदूत दुसरीकडे मुरलेली असते. बघणं, ऐकणं यांचीही खाती वेगळी. कारभारणीने पाहायचं ते असं : कुठलं काम आधी, कुठलं मागाहून; एक करताना दुसरं ध्यानात ठेवायचं; मोह आवरायचा; आणि बेत फसला तर तिथल्या तिथे दुसरा काढायचा. ऐन वेळी दूध नासलं तर खिरीचा नाद सोडून शिरा करायचं ठरवते ना, ती हीच.

ही कारभारीण नसली की काय होतं, त्याची एक खरी हकीकत सांगते. कॅनडातल्या माँट्रियल शहरातले वाइल्डर पेनफील्ड हे मेंदूच्या शस्त्रक्रियेतलं फार मोठं नाव. १९२८ साली त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या मेंदूत गाठ निघाली आणि ऑपरेशन त्यांनी स्वतःच केलं. गाठीबरोबर मेंदूचा उजवीकडचा पुढचा बराचसा भाग काढावा लागला. बाई उठल्या, बोलू-चालू लागल्या, माणसं ओळखत होत्या. साधारण सव्वा वर्षाने त्यांनी भावाला जेवायला बोलावलं. घरची चार माणसं आणि पाहुणा एकटा भाऊ. बेत साधाच, आणि तयारीला अख्खा दिवस हाताशी. जेवणाची वेळ झाली तेव्हा बाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. सामान सगळं समोर होतं, एकदोन पदार्थ शेगडीवर होते. पण सॅलड झालं नव्हतं, मांस शिजायला घातलंच नव्हतं, आणि दिवसभर एकटीने धडपडून त्या अगदी कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या. मदतीला माणूस मिळाल्यावर मात्र तोच स्वयंपाक भराभर पार पडला! पदार्थ येत होते, हात चालत होते. फक्त 'आता हे घे, मग ते' असं आतून सांगणारं कुणी उरलं नव्हतं. पेनफील्डनी हे १९३५ साली वैद्यकाच्या नियतकालिकात लिहून ठेवलं.

पुढे १९९१ साली ब्रिटनमधल्या टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस या मानसशास्त्रज्ञांनी डोक्याला मार लागलेल्या तीन रुग्णांना चक्क बाजारात पाठवलं. पाव आणा, घशाच्या गोळ्या आणा, अशी बारीकसारीक कामं. खर्च कमीत कमी करायचा आणि घ्यायचं नसेल तर दुकानात शिरायचं नाही, असे सोपे नियम. बुद्धीच्या चाचण्यांत चांगले गुण मिळवणारी ही माणसं बाजारहाटात मात्र अडखळली. म्हणजे बघा, हुशारी वेगळी आणि कारभार वेगळा.

हे मला कळलं ते फार उशिरा. आमच्या सासूबाई म्हणजे पंगतींच्या पंगती उठवलेली बाई. चारएक वर्षांपूर्वी गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी आठला त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. मी फुलं, रांगोळी, पूजेची तयारी यांत गुंतलेले. बारा वाजता आत येऊन बघते तर डाळ कोरडीच. निवडलेली भाजी पुन्हा निवडत होत्या, आणि ओटाभर डबे उघडे पडलेले. मी सगळ्यांदेखत बोलून गेले, 'आई, होत नव्हतं तर सांगायचं तरी! चार तास काय केलंत?' त्या काही बोलल्या नाहीत. पदराने हात पुसत राहिल्या.

आठ दिवसांनी त्यांचा डावा पाय ओढल्यासारखा पडू लागला, तेव्हा सगळं घर धावलं. स्कॅनमध्ये निघालं की मेंदूवर, उजवीकडे पुढच्या बाजूला, आवरणाखाली रक्त साठलंय. दीड महिन्यापूर्वी त्या न्हाणीघरात घसरल्या होत्या. टेंगूळ आलं, बसलं, आम्ही विसरलो. वयस्कर माणसांत साध्या धक्क्यानेही असं रक्त हळूहळू साठत जातं आणि त्रास काही आठवड्यांनी दिसतो, असं डॉक्टर म्हणाले. कवटीला लहानसं छिद्र पाडून ते रक्त काढलं. संक्रांतीला त्याच ओट्याशी बसून त्या मला म्हणत होत्या, 'अगं, पाक पुढे गेला तुझा!' ते ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण एक गोष्ट अजून खुपते. पाय ओढला तो आजार सर्वांना दिसला. चार तास स्वयंपाकघरात अडकल्या तो कुणालाच दिसला नाही, कारण स्वयंपाकाला डोकं लागतं असं आपण कधी धरलेलंच नाही.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. घरातलं जाणतं माणूस नेहमीच्या कामात अडकू लागलं, तेच तेच करू लागलं, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका आणि रागावू तर मुळीच नका. गेल्या दोनतीन महिन्यांत पडझड झाली होती का, आठवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच जपा. बदल एकाएकी झाला, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, तर त्याच घटकेला इस्पितळ गाठा. हळूहळू होत असेल तरी डॉक्टरांना दाखवाच. कारणं अनेक असतात आणि काही पुरती बरी होतात.

तोवर हातातलं काम काढून घेऊ नका. शेजारी बसा, एका वेळी एकच जिन्नस पुढे ठेवा : 'आई, आधी ही डाळ धुऊन द्या.' ती झाली की पुढचं. ओट्याजवळ पाटीवर कामं क्रमाने लिहा आणि झालेलं खोडा. आपण बाहेरून थोडा कारभार सांभाळला की त्यांचे हात आपसूक चालतात.

आणि तुमच्या स्वतःच्या कारभारणीलाही जपा. जागरण झालं की ती आधी थकते. दुसऱ्या दिवशी मीठ दोनदा पडतं ते उगाच नाही. सणाची यादी डोक्यात न ठेवता कागदावर उतरवा. घरातल्या तरुण मुलांवरही फार चिडू नका, मेंदूचा हा भाग पिकायला पंचविशी उजाडते!

पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर 'नुसता स्वयंपाक' एवढं मात्र म्हणू नका हं.